डाव्या हाताची पथरी

"आबा, दगडावर काय नाव कोरलंय का तुमचं?" धोंडीअण्णा म्हणाला आणि देवळातली सगळी माणसं हसली.

माणसं पुष्कळ बोलतात, बोलणं मी विसरते. हसणं मात्र विसरत नाही. कोण कोण हसलं, कुणी तोंडावर उपरणं धरून हसलं, कुणी पाटलांकडं बघून मग हसलं, हे सगळं मी तिथल्या तिथं ध्यानात ठेवलं. सासू मला म्हणायची, "अनशे, तू म्हणजे उंटीण हायस. डूख धरतीस." धरते. त्यात लाजायचं काय?

श्रावणातला सोमवार होता. भैरोबाच्या मंडपात पंच बसले होते आणि मधोमध माझे वडील, केरबा सुतार, भिंतीला टेकून बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवर पडला होता. उन्हाळ्यात त्यांना वाऱ्याचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. उजवी बाजू जाती तर आबा हसत राहिले असते, कारण ते डावखुरे होते. आमच्या आसपासच्या पाच गावांत डावखुरा सुतार तेवढा एकच. लोक लांबून बघायला यायचे, हा माणूस उलट्या हातानं रंधा कसा मारतो ते.

आणि धोंडीराम आबांच्याच हाताखाली शिकलेला. आमच्याच ओसरीवर बसून त्यानं पहिली पटाशी धरली, आमच्याच घरची भाकरी खाऊन मोठा झाला. मी त्याला अण्णा म्हणायचे. देवाचा नवा रथ व्हायचा होता आणि तो आबांकडं ठरला होता. आबा आडवे झाले तसा धोंडीअण्णा पंचांकडं गेला, "मी करतो, मी त्यांचाच चेला." तिथवरही कुणी काही म्हटलं नाही. काम काय कुणासाठी थांबतं?

पण तो नंतर आमच्या घरी आला. मी तेव्हा सासरी होते. आबा खाटेवर, शुद्ध अर्धी. अण्णा आईला म्हणाला, "काकी, आबांनी धार लावायची पथरी न्यायला सांगितलीय. रथाच्या कामाला लागंल." आईनं कोनाड्यातून काढून दिली. तिला बिचारीला काय माहीत, आबांनी जन्मात कुणाला पथरी दिली नव्हती.

सुतारानं करवत उसनी द्यावी, लाकूड तासायचा वाकस द्यावा, गरज पडली तर रंधासुद्धा द्यावा. पण धार लावायची पथरी देऊ नये. हा आमच्यातला रिवाज आहे. दगड असला तरी तो ज्याच्या हाताखाली झिजतो, त्याचा होतो. माणूस कुठं दाबतो, कुठं सैल सोडतो, तिथं तिथं दगड खाली बसतो. आबांची पथरी आजोबांनी कुठून तरी घाटाखालून आणली होती. फिकट करड्या रंगाची, मांजराच्या जिभेइतकी खरखरीत असेल नसेल एवढीच. आजोबा दगड घेताना त्यावर पाण्याचा थेंब टाकायचे म्हणे. थेंब लगेच पिला तर दगड भुसभुशीत, तसाच लोळत राहिला तर काचेसारखा, लोखंडाला धरत नाही. हळूहळू पिणारा दगड घ्यायचा. तशी पथरी पुन्हा आमच्या घरात आली नाही.

आबा उठून बसायला लागले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी कोनाड्याकडं बघितलं. मग आईकडं. आईनं सांगितलं. आबा म्हणाले, "मी न्हाई सांगितलं." शब्द जिभेवर लोळत होते, पण तेवढं नीट आलं.

मी तेव्हा माहेरी येऊन राहिले होते. मीच अण्णाकडं गेले. तो म्हणाला, "कुठली पथरी?" 

म्हणून आम्ही पंचांपुढं गेलो होतो. आणि तिथं तो म्हणाला, "दगडावर काय नाव कोरलंय का तुमचं?" लोक हसले, तसा त्याला चेव आला. "पाटील, माझी पथरी मी मिरजेच्या बाजारातनं नवी कोरी आणलीय. काकींनी दिली ती जुनी करवतीची कानस. म्हाताऱ्या माणसांचं काय, डावा हात गेला तसा डोक्याचा पण डावा भाग गेला असंल."

पुन्हा हशा.

आबा काहीतरी बोलायला लागले. तोंडातून लाळ आली. मी पदरानं ती पुसली आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी बघितलं. मरेपर्यंत मला ते दिसत राहणार.

पाटील म्हणाले, "केरबा, आता घरी बसा. हरी हरी करा. दगडासाठी भांडायचं वय राहिलं का?"

माझ्या तोंडात पुष्कळ आलं होतं. मी गिळलं. सुरीला धार नसताना हाणायला गेलं की आपलाच हात कापतो, हे आबांनीच मला शिकवलं होतं.

*

घरी आल्यावर आबा म्हणाले, "जाऊ दे अनशे."

"का जाऊ दे?"

"आली तरी काय करू? ती डाव्या हाताची हाय. मी आता उजव्यानं शिकायचं म्हणतोय. उजव्याला ती ओळख देणार न्हाई. सपाट करावी लागंल. ते एका हाताचं काम हाय व्हय? वाळू घालून दगडावर दगड घासायचा, खांदे निखळतात. आणि एक रेघ वाकडी घासली की गेली."

"मी घासते."

"तुझ्यानं होणार न्हाई. सपाटी डोळ्यात असावी लागती. धोंड्याच्या डोळ्यात होती," ते म्हणाले. चोरून नेणाऱ्याचं कौतुक करत होते! मला इतका राग आला, की मी परसात जाऊन लाकडं फोडली.

पुढच्या सोमवारी मी देवाला बेल वाहायला गेले. खोटं कशाला सांगू, रथ बघायला गेले. मंडपाच्या एका बाजूला रथाचा सांगाडा उभा होता आणि खालच्या अंगाला सागाच्या फळ्या बसवून झाल्या होत्या. सकाळचं तिरपं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. मी सहज हात फिरवला.

बोटाला रेघ लागली.

दुसऱ्या फळीवर फिरवला. तिथंही, त्याच बाजूला. तिसरी, चौथी, सगळ्यांवर तशीच. रंध्याचं पातं एका कोपऱ्यानं खोल गेलं की लाकडावर अशी रेघ उठते. लहानपणापासून रंध्याच्या सालपटांत खेळलेली मी, मला कुणी शिकवायला नको होतं. अण्णाचा हात काही वाईट नव्हता. चांगला कारागीर होता मेला. त्याच्या पात्याची धार सरळ नव्हती, आणि सरळ असणार तरी कशी? डावखुऱ्या माणसानं तीसेक वर्षं झिजवलेल्या दगडावर तो उजव्या हातानं धार लावत होता. आबांच्या दाबानं दगड एका अंगाला खाली बसलेला. तिथं उजव्या हाताच्या माणसाचं पातं गेलं की एक कोपरा कमी घासणार, एक जास्त.

मी फळ्यांना नमस्कार केला. लोकांना वाटलं देवाला केला.

आता माझ्याकडं धार होती. पण नुसतं एवढ्यावर जाऊन ओरडले असते, तर अण्णा म्हणाला असता, पातं जरा वाकडं बसलं. आणि लोक पुन्हा हसले असते. मला ते पुन्हा हसायला नको होते. मला हवं होतं, की त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःची मान कापावी. आणि मला आणखीही एक हवं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

खंडेनवमीची वाट बघत बसले.

*

आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या वर्षी रथाचं काम चालू होतं, म्हणून मुख्य सुतारानं आपली सगळी हत्यारं देवापुढं पाटावर मांडायची, असं ठरलेलं होतं. पटाशी, रंधा, वाकस आणि पथरीसुद्धा. अष्टमीच्या संध्याकाळी हत्यारं पुसून, तेल लावून देवळात ठेवायची. मग दसऱ्यापर्यंत धार लावायची नाही, लाकडाला लोखंड लावायचं नाही. हत्याराला विश्रांती असते. पूजेला वडगावचे विष्णू मिस्त्री येणार होते. ते म्हातारे, आबांच्याही आधीचे. त्यांचा शब्द सुतारांत शेवटचा.

अष्टमीच्या आदल्या दिवशी मी पिठाच्या गिरणीत गेले. अण्णाची बायको मालन ज्या वेळेला दळण आणायची त्याच वेळेला गेले.

"मालनवैनी, बरं चाललंय का?"

"चाललंय," ती तोंड फिरवून म्हणाली.

"माझ्यावर राग धरू नका हो. माणसांच्या भांडणात आपण बायकांनी कशाला पडायचं? मी तर आबांना म्हणते, सोडा आता. पण ते ऐकतात कुठं?"

"आता काय म्हणतात?"

मी इकडं तिकडं बघितलं. गिरणी घरघरत होती, कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं, तरी मी तिच्या कानाशी गेले. "सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा. नवमीला विष्णू मिस्त्री येणार ना? आबा त्यांना पथरी बघायला सांगणार आहेत. म्हणतात, दगडाची झीज बघितली की डाव्या हाताची का उजव्या हाताची ते मिस्त्रींना कळतं. आंधळ्यालासुद्धा कळतं म्हणे. तुमच्याकडची नवी असेल तर भ्यायचं कारणच नाही. मी म्हटलं आपलं, तुमच्या कानावर घालावं."

मालननं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "अगं बाई, चुलीवर दूध ठेवलंय," आणि गेली. पिठाचा डबा गिरणीतच राहिला. मी तो संध्याकाळी तिच्या घरी पोचवला. शेजारधर्म असतो.

अष्टमीला दुपारी त्यांच्या गल्लीतून जाताना मी थांबले. अण्णाचं परस आतून बंद होतं. फटकुराचा पडदा सोडला होता. आतून आवाज येत होता, सर्र सर्र, थांबून पुन्हा सर्र सर्र. ओल्या वाळूवर दगड फिरत होता. मिरजेला जाऊन दुसरा आणायला त्याला वेळच उरला नव्हता. मी डोक्यावरची घागर सावरली आणि तो आवाज कान भरून ऐकला. लग्नातल्या सनई-चौघड्यानं मला इतका आनंद झाला नव्हता.

*

नवमीला मंडप भरला होता. पाटावर हत्यारं मांडली होती, हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडूचे हार होते. आबांना मी हाताला धरून आणलं. ते यायला तयार नव्हते. "पुन्हा हसतील," म्हणाले. मी म्हटलं, "आबा, एक डाव माझ्यासाठी चला."

पूजा झाली. विष्णू मिस्त्री काठी टेकत पाटाशी आले. त्यांनी सगळी हत्यारं डोळ्यांखालून घातली आणि पथरीपाशी थांबले. ती पाण्याच्या पृष्ठभागासारखी सपाट होती.

"फक्कड," ते म्हणाले. "कुणाची?"

"माझी," अण्णा पुढं झाला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. तो मला म्हणत होता, आता बोल. डोळ्यांखाली काळं पडलं होतं त्याच्या, खांदा धरला असणार.

मग मी बोलले. देवळात बाईमाणसानं बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं.

"मिस्त्रीकाका, ही पथरी नवी का जुनी?"

पाटील म्हणाले, "अनुसया, पुन्हा तेच?"

"दोन प्रश्न विचारते पाटील. मग घरी जाते, आणि आबांना घेऊन हरी हरी करते."

विष्णू मिस्त्रींनी पथरी उचलली, बाजूला धरली. "जुनी. कडेला बघा, तेल मुरून काळी पडलीय. वर मात्र करडी. वरची ताजी घासलेली दिसती."

"नवी कोरी म्हणाला होता अण्णा, श्रावणात. याच जागी. मग काल दिवसभर वाळूवर घासून सपाट कशाला करायला लागली?"

"घाण बसली होती," अण्णा म्हणाला. "साफ केली. साफ करायची पण चोरी झाली व्हय?"

एकदोघं हसले. मी ते पण ध्यानात ठेवलं.

"बरं," मी म्हटलं. "दुसरा प्रश्न. मिस्त्रीकाका, जरा रथाच्या फळ्यांवरनं हात फिरवा."

विष्णू मिस्त्री काठी टेकत रथाकडं गेले. सकाळचं तेच तिरपं ऊन होतं. त्यांनी एका फळीवर तळवा फिरवला, मग दुसरीवर. मग खाली वाकून उन्हाच्या रेषेत डोळा लावला.

"धोंडीराम, ही रेघ कसली?"

"पातं जरा वाकडं बसलं असंल मिस्त्री."

"एका फळीला वाकडं बसंल. सगळ्यांना?" ते परत पाटाशी आले. रंधा उचलला, पाचर सैल करून पातं बाहेर काढलं आणि उजेडाला धरलं. मग त्यांनी ते पाटलांपुढं धरलं. "बघा. धार तिरकी गेलीय. उजव्या हाताच्या माणसाची पथरी झिजली तर धार उतरंल ती ह्या बाजूनं. ही उतरलीय त्या बाजूनं. हे पातं डावखुऱ्याच्या पथरीवर लागलंय."

अण्णानं पथरी सपाट केली होती, पण पात्याची धार तो पुन्हा सरळ करू शकला नव्हता. संध्याकाळी हत्यारं देवळात द्यायची होती आणि त्याचा सगळा दिवस दगड घासण्यात गेला होता. आता नवमी. धार लावायची नाही. आणि फळ्या तर श्रावणापासून रथाला ठोकलेल्याच.

"दगड घासलास अण्णा," मी म्हटलं. "फळ्या कुठं घासशील?"

कुणी हसलं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, ज्यांची ज्यांची तोंडं ध्यानात होती त्या सगळ्यांच्या. सगळे खाली बघत होते. काय सांगू तुम्हाला, पोटात गार वाटलं.

विष्णू मिस्त्री म्हणाले, "पाच गावांत डावखुरा एकच. केरबा."

पाटील म्हणाले, "धोंडीराम, देवाच्या समोर हायस." 

"आबांची हाय," अण्णा म्हणाला.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

आबांनी माझा पदर ओढला. "अनशे, बास."

"बास नाही आबा. अण्णा, श्रावणात सगळ्या मंडपाला ऐकू गेलं होतं तुझं."

"आबांची पथरी हाय!" तो ओरडला. "मी काकींना फसवून नेली!"

पाटलांनी पथरी उचलून आबांच्या मांडीवर ठेवली. रथाचं मुख्यपण त्याच वेळी काढून घेतलं. उरलेलं काम आबांच्या देखरेखीखाली करायचं, आणि सगळ्या फळ्या अण्णानं स्वतः काढून पुन्हा रंधून द्यायच्या, असं ठरलं. मला वाटलं आबा आता रडतील. ते उजव्या हाताचा अंगठा पथरीवरून फिरवत होते, पुढं-मागं, पुढं-मागं, आणि कपाळाला आठी घालून काहीतरी विचार करत होते.

*

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून लोक घरोघर जायला लागले. आबा ओसरीवर बसले होते. सकाळी हत्यारं उठवली होती आणि तेव्हापासून ते पथरी सोडत नव्हते. लाकडाच्या खोबणीत ती घट्ट बसवून, त्यावर रॉकेलात कालवलेलं थेंबभर तेल टाकून, उजव्या हातानं पटाशी घासत होते. हात नवखा होता. तरी पटाशी दगडावर टेकली की सरळ जात होती, कारण दगडच सरळ होता.

दारात अण्णा उभा राहिला. हातात आपट्याची पानं. दसऱ्याला वैरीसुद्धा दारात आला तर हाकलत नाहीत. तो आत आला, आबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सोनं घ्या आबा. चुकलं माझं."

आबांनी पानं घेतली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझे वडील देवमाणूस. मी त्यांच्यावर गेले नाही.

मग आबांनी पटाशी उचलली आणि मनगटावरचे दोन केस तिच्या धारेनं काढून दाखवले. उजव्या हातात धरलेली पटाशी, लुळ्या डाव्या मनगटावर. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"धोंड्या, सपाट मात्र फक्कड केलीस रं," ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, कारागिरानं कारागिराला म्हणावं तसं. "मी अनशीला म्हणत होतो, ती परत आली तरी माझ्या उजव्या हाताच्या उपयोगाची न्हाई. सपाट करायची ताकद कुणाच्यात, अन् डोळा कुणाचा? तू केलीस. आता बघ, लागली की धार."

अण्णा आबांकडं बघत राहिला. मग हळूहळू त्यानं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. गिरणी, मालनच्या कानात मी घातलेलं ते बोलणं, परसात मोडलेली पाठ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून एका पाठोपाठ गेलं असणार. मी बघत होते ना, एकेक कळत गेलं त्याला.

"अनशे, तू..." 

"खांदा दुखत असंल ना अण्णा," मी म्हटलं. "चोरून न्यायला काही कष्ट पडत नाहीत. नीट करून परत द्यायला पडतात."

त्यानं मुठीतली उरलेली पानं माझ्यापुढं धरली. "घे सोनं."

"ठेव तिथं," मी म्हटलं.

आबा म्हणाले, "सणाचा आलाय. चहा ठेव की."

मी आत जाऊन चहा ठेवला. आबांच्या पेल्यात दोन चमचे साखर घातली, अण्णाच्या पेल्यात घातली नाही. त्यानं एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि गपगुमान सगळा पिऊन टाकला.